बेसिक : संगणकाशी पहिलं बोलणं



एक मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. १९६० साली त्या दिवशी आपलं राज्य स्थापन झालं. आम्हा अमरावती जिल्ह्यातल्या लोकांसाठी या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. ज्याला आज आपण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ म्हणतो, ते विद्यापीठही १ मे १९८३ रोजीच सुरू झालं. याच तारखेची तिसरी एक गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमाराला अमेरिकेतल्या हॅनोव्हर नावाच्या लहानशा गावी, डार्टमथ कॉलेजात, एका नव्या संगणकीय भाषेतले पहिले प्रोग्रॅम चालले. त्या भाषेचं नाव बेसिक. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या भाषेबद्दल.

मी चांदूर रेल्वेचा. आमच्या जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं, म्हणून चांदूर रेल्वे. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झालो. निवृत्तीनंतर कुणी बागकाम करतं, कुणी भजनी मंडळात जातं. मी जुन्या आणि नव्या बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहीत बसतो. शेजारपाजारच्यांना याचं नवल वाटतं. "सर, या वयात हे काऊन करून राह्यले?" असं ते विचारतात. त्या 'काऊन'चं उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो.

आधी ही भाषा जन्माला का आली ते पाहू. १९६० च्या आसपास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र होतं. त्याच्याजवळ जायला परवानगी लागे. आपला प्रोग्रॅम पत्र्यासारख्या ताठ कागदी कार्डांवर भोकं पाडून लिहायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. कधी काही तास, कधी अख्खा दिवस. उत्तर काय यायचं? तर चौथ्या कार्डावर एक स्वल्पविराम राहिला आहे. मग पुन्हा कार्ड, पुन्हा खिडकी. हे सगळं शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्यापुरतंच होतं.

डार्टमथच्या दोन गणिताच्या प्राध्यापकांना हे पटेना. त्यातले जॉन केमेनी मूळचे बुडापेस्टचे, ज्यू कुटुंबातले. १९४० साली ते कुटुंब युरोप सोडून अमेरिकेत आलं. तरुण वयात केमेनींनी आईन्स्टाइनचे गणित-सहायक म्हणून काम केलं होतं. दुसरे थॉमस कर्ट्झ. या दोघांच्या कॉलेजातले बहुतेक विद्यार्थी इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र अशा विषयांचे. पुढे हीच मुलं कारभार पाहणार, कंपन्या चालवणार, सरकारात बसणार. संगणक काय करू शकतो आणि काय नाही, हे त्यांना स्वतःच्या हातानं कळायला हवं, असं या दोघांचं म्हणणं होतं.

त्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था केली. यंत्र प्रत्येकाचं काम क्षणभर करी आणि पुढच्याकडे वळे. ते इतकं भराभर होई, की प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्याच सेवेत आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ही भाषा. तिचं पूर्ण नाव 'बिगिनर्स ऑल-पर्पज सिम्बॉलिक इन्स्ट्रक्शन कोड'. नावातला पहिलाच शब्द बिगिनर, म्हणजे नवशिका. तिच्यात आज्ञा होत्या पंधराच्या आसपास, आणि त्याही साध्या इंग्रजी शब्दांच्या. प्रिंट म्हणजे छाप, गोटू म्हणजे तिकडे जा, इफ-देन म्हणजे जर-तर, एंड म्हणजे संपलं.

आता ही भाषा प्रत्यक्षात कशी वागते, ते आपल्या वऱ्हाडातल्या उदाहरणानं सांगतो. समजा, कापूस विकायला नेला आहे. किती क्विंटल, काय भाव, आणि हाती किती येणार, एवढंच काढायचं आहे. बेसिकमधले शब्द रोमन लिपीत लिहायचे असतात. मी ते देवनागरीत सांगतो.

१० इनपुट "किती क्विंटल", क
२० इनपुट "भाव किती", भ
३० प्रिंट क * भ
४० एंड

बस, एवढाच प्रोग्रॅम. मधलं फुलीसारखं चिन्ह गुणाकाराचं. आता 'रन' असं टाइप करून एंटरचं बटण दाबलं, की संगणक विचारतो, किती क्विंटल? आपण सांगतो, साडेसात. तो विचारतो, भाव किती? आपण सांगतो, १,२००. लगेच पडद्यावर उमटतं : ९,०००.

ओळींना १०, २०, ३० असेच आकडे का, असा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच. मी म्हणायचो, धामणगाव आणि चांदूर यांच्या मध्ये पुढेमागे एखादं स्टेशन काढायचं झालं तर जागा हवी की नको? तसंच हे. वरच्या हिशेबात हमाली राहिली. मग २५ नंबरची एक ओळ लिहायची, तिच्यात हमाली विचारायची, आणि ३० नंबरची ओळ पुन्हा लिहून ती रक्कम वजा करायची. पंचवीस नंबरची ओळ संगणक आपणहून वीस आणि तीसच्या मध्ये नेऊन बसवतो. 'लिस्ट' म्हटलं की सगळा प्रोग्रॅम ओळीनं समोर येतो.

यातला जो सवाल-जवाब आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याच भागातले गाडगे महाराज कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर काढून घेत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न उभा करत. ऐकणारा नुसता ऐकत बसत नसे, त्याला बोलावंच लागे. बेसिकचं शिकवणं या जातीचं आहे. तुम्ही एक ओळ लिहा, यंत्र लगेच उत्तर देईल. चुकलं तर 'सिंटॅक्स एरर' म्हणेल आणि गप्प बसेल. ते रागावत नाही, गुण कापत नाही, वर्गात हसू करत नाही. पुन्हा लिहा, पुन्हा विचारा. गणिताला घाबरणारं पोर या यंत्रापुढे घाबरत नसे, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

ही भाषा घरोघरी पोहोचली ती मात्र १९७५ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत अल्टेअर नावाचा छोटा, हौशी माणसाला परवडेल असा संगणक बाजारात आला आणि त्याच्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी बेसिक लिहून दिली. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा तो पहिला माल. पुढची दहा-बारा वर्षं बहुतेक घरगुती संगणक सुरू केला की थेट बेसिकमध्येच उघडे. आयबीएमचा १९८१ सालचा पीसीसुद्धा फ्लॉपी नसेल तर बेसिक घेऊनच उभा राही. पडद्यावर एक शब्द आणि पुढे लुकलुकणारी खूण. याचा अर्थ उघड होता : मी तयार आहे, काय करू ते सांग.

भारतात बेसिक शाळेत आली ती १९८४-८५ मध्ये. केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढली आणि सुरुवातीला देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस हा घरच्या टीव्हीला जोडायचा संगणक परवाना घेऊन भारतात आणला. त्याचे प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर, टेपरेकॉर्डरवर साठवले जात. कॅसेट वाजवली की किर्रर्र असा आवाज येई आणि त्या आवाजातून प्रोग्रॅम संगणकात उतरे. आज मुलांना सांगितलं तर त्यांना ही थाप वाटते.

आपल्या वऱ्हाडापुरतं बोलायचं तर १९८३ हे वर्ष मोठं म्हणावं लागेल. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून होतंच, म्हणजे ते बेसिकच्याच वयाचं. पण १९८३ मध्ये बडनेरा, अकोला आणि शेगाव इथं खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. त्यांच्या मागोमाग गल्लीबोळांत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. क्लासच्या दाराशी चपला काढायच्या, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे. धूळ आत गेली तर यंत्र बिघडेल, अशी धास्ती. मी १९८९ साली दर रविवारी एसटीनं अमरावतीला जाऊन अशाच एका क्लासला बसलो. यंत्रावर बसायला अर्धा तास मिळे, आणि तोही दोघांत एक. त्यामुळे आठवडाभर घरी वहीत प्रोग्रॅम लिहायचा आणि रविवारी टाइप करायचा. बालगुरुस्वामींचं बेसिकवरचं पुस्तक त्या काळी अशा वर्गांतून सर्रास दिसे.

यंत्रावर जी बेसिक होती तिचं नाव जीडब्ल्यू-बेसिक. काळा पडदा, पांढरी अक्षरं, तळाशी एक पट्टी : एफ-वन म्हणजे लिस्ट, एफ-टू म्हणजे रन. आज्ञा पूर्ण झाली की ती म्हणे 'ओके'. बाकी काही नाही. वीज गेली की वाचवून न ठेवलेला प्रोग्रॅम गेला, म्हणून दर दहा ओळींनी 'सेव्ह' करायची सवय लागली. ज्यांनी वऱ्हाडातलं भारनियमन पाहिलं आहे, त्यांना या सवयीची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आमच्या शाळेला एक संगणक मिळाला. एक यंत्र आणि साठ मुलं. मग मी वहीची पद्धत वर्गात आणली. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा आणि कागदावरच चालवायचा. म्हणजे एका मुलानं संगणक व्हायचं, दुसऱ्यानं एकेक ओळ वाचायची. क ची किंमत आता किती? पाच. पुढची ओळ काय म्हणते? क मध्ये एक मिळव. मग किती? सहा. असं करत शेवटापर्यंत जायचं आणि मगच यंत्राला हात लावायचा. साठ मुलांत एक यंत्र ही अडचणच होती, पण त्या अडचणीमुळे मुलं आधी विचार करायला शिकली, हेही तितकंच खरं.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळांची कथा तुम्हाला माहीत असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. आठवीतल्या एका मुलीनं याचा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. आकडे भराभर उमटू लागले. १, २, ४, ८, १६. चोविसाव्या घरात ८३,८८,६०८. आणि पंचविसाव्या घरात एकदम काही भलतंच आलं : १.६७७७२२ आणि पुढे 'ई' हे रोमन अक्षर, मग अधिक शून्य सात. पोरं ओरडली, "सर, मशीन बिघडली!"

मशीन बिघडली नव्हती. तिच्याकडे साध्या पद्धतीत सातच आकडे दाखवायची सोय होती. सातात मावेना तेव्हा तिनं तोच आकडा दहाच्या सातव्या घातानं लिहिला. मग ती मुलगी वहीत हातानं गुणाकार करत बसली आणि तिचा पंचविसावा आकडा आला १,६७,७७,२१६. "सर, मशीननं शेवटचे आकडे टाकून दिले," ती म्हणाली. घातांक, अंदाज, यंत्राची मर्यादा, असे तीन धडे त्या एका तासात झाले आणि त्यातला एकही मी फळ्यावर शिकवला नाही. एका शेतकऱ्याच्या मुलीनं संगणकाचं उत्तर तपासलं आणि ते अपुरं आहे हे दाखवून दिलं. माझ्या नोकरीतल्या मोजक्या समाधानाच्या दिवसांत तो दिवस मी मोजतो.

बेसिकवर टीकाही भरपूर झाली. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये फार कडक शब्दांत लिहिलं. आधी बेसिक शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्यच, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. त्यांचा मुख्य राग 'गोटू'वर होता. इकडून तिकडे, तिकडून पलीकडे अशा उड्या मारणारा प्रोग्रॅम मोठा झाला की लिहिणाऱ्यालाही कळेनासा होतो. हा आक्षेप खरा आहे. पन्नास ओळींपर्यंत गोटूचं काही वाटत नाही. पाचशे ओळी झाल्या की सगळा गुंता होतो.

पण भाषाही सुधारत गेली. बीबीसी मायक्रोसाठी सोफी विल्सन यांनी १९८१ मध्ये लिहिलेल्या बेसिकमध्ये प्रोग्रॅमचे नीट तुकडे पाडून त्यांना नावं द्यायची सोय होती. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टची क्यूबेसिक डॉसबरोबर मोफत मिळू लागली. तिच्यात ओळींना आकडे द्यायची गरजच उरली नाही. आणि याच सोफी विल्सन यांचं पुढचं काम ऐका. त्यांनी एआरएम या नव्या चिपच्या आज्ञा ठरवल्या. त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनी चिप तयार होण्याआधी तिची नमुना-प्रतिकृती लिहिली, तीही बीबीसी बेसिकमध्येच. १९८५ साली ती चिप प्रत्यक्षात आली. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये तिचेच वंशज काम करतात.

मग बेसिक गेली कुठे? एक तर विंडोज आलं. काळ्या पडद्याच्या जागी चित्रं आली, माऊस आला. संगणक सुरू केल्यावर 'काय करू' असं विचारीनासा झाला. तो म्हणू लागला, यातलं काय हवं ते निवड. अभ्यासक्रमात सी आणि सी प्लस प्लस आल्या. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हाती गेलं, याचा विदर्भाला अभिमानच आहे. बारावीच्या बायफोकल कॉम्प्युटर सायन्सला सी प्लस प्लस लागली. या भाषा ताकदीच्या, पण नवशिक्याला पहिल्याच दिवशी पाच अनाकलनीय ओळी लिहायला लावणाऱ्या.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. त्याचं काम मी कमी लेखत नाही. ज्यांनी कधी माऊस धरला नव्हता अशा लाखो माणसांना त्यानं संगणकासमोर बसवलं. नोकरीच्या अर्जात त्या प्रमाणपत्राची ओळ आली. पण त्याबरोबर संगणक शिकणं म्हणजे काय, याचा अर्थही गावोगावी बदलला. आधी क्लासला जाणारा मुलगा घरी येऊन सांगे, "आज मी पाढ्यांचा प्रोग्रॅम केला." नंतरचा सांगू लागला, "आज आमचं वर्ड झालं, उद्यापासून एक्सेल." पहिला यंत्राला काहीतरी करायला लावून आला होता. दुसरा दुसऱ्यानं केलेली गोष्ट वापरायला शिकून आला होता. दोन्ही हवं. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत पहिलं जवळजवळ बंदच झालं, आणि बंद झालं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आज तर प्रत्येक घरात मोबाइल आहे. आमच्या शाळेत साठ मुलांत एक संगणक होता. त्याच्या कितीतरी पट ताकदीचं यंत्र आज एकेका पोराच्या हातात आहे. पण त्या पोराला विचारा, याला तू स्वतः कधी काही करायला सांगितलंस का? तो व्हिडिओ पाहतो, खेळ खेळतो, बोटानं पडदा सरकवत राहतो. हिशेब असा की यंत्रं साठपट झाली आणि त्यांना आज्ञा देणारी मुलं मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. माझी जुन्या बेसिकची ओढ यातून आलेली आहे. काळ्या पडद्याचं मला फारसं प्रेम नाही. त्या पडद्यापुढे बसलेल्या मुलाकडे जो अधिकार होता, त्याची आठवण येते.

आनंदाची गोष्ट ही की बेसिक मेलेली नाही. ज्यांना वाटतं मेली, त्यांनी आपल्याच कचेरीतली एक्सेलची फाइल उघडावी. तिच्यातल्या मॅक्रोची भाषा म्हणजे बेसिकचंच एक रूप. १९९३ पासून ते एक्सेलमध्ये आहे. किती पगारपत्रकं आणि किती निकालपत्रकं आजही त्यावर चालत असतील!

जुन्या जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ मजकूर मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्यांची ६५०२ या चिपसाठीची १९७० च्या दशकातली बेसिकही २०२५ मध्ये खुली झाली. एके काळी विकायची वस्तू होती, ती आता कुणीही वाचावी, बदलावी अशी झाली. हौशी मंडळींनी क्यूबी-६४ आणि फ्रीबेसिक या नव्या बेसिक तयार केल्या, त्या फुकट मिळतात आणि आजच्या संगणकावर झपाट्यानं चालतात. बीबीसी बेसिकसुद्धा आजच्या विंडोजवर आणि मोबाइलवर मिळते. रास्पबेरी पाय पिको नावाची बोटभर लांबीची पट्टी २०२१ मध्ये आली. ती काही शे रुपयांत मिळते. तिच्यात एमएमबेसिक टाकली की तिच्यावर दिवा लावणं-विझवणं, तापमान मोजणं अशी कामं बेसिकमध्ये करता येतात.

त्या तांदळाचा प्रोग्रॅम मी अलीकडे फ्रीबेसिकमध्ये पुन्हा लिहिला. या वेळी पंचविसाव्या घरात 'ई' आलं नाही. चौसष्ट घरांची बेरीज पूर्ण आली : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. गंमत पाहा, फ्रीबेसिकमध्ये पूर्णांकांसाठी जो सर्वांत मोठा कप्पा आहे, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा नेमका हाच आहे. कारण तो कप्पाही चौसष्ट घरांचाच असतो. त्यात एक जरी दाणा वाढवला तरी हिशेब पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे नव्या यंत्राची मर्यादा खूप लांब गेली, पण मर्यादा आहेच. जुनी बेसिक ती पंचविसाव्या घरातच दाखवून देत होती, एवढाच फरक. शिकवणारा म्हणून मला जुनी आवडते, कारण तिची भिंत पोरांच्या हाताला लागते. काम करणारा म्हणून नवी आवडते.

आता कुणी म्हणेल, बेसिकच कशाला? पायथन आहे, चित्रांचे ठोकळे जोडायचं स्क्रॅच आहे. अगदी बरोबर. पायथनही ओळीला लगेच उत्तर देते. माझा हट्ट नावाचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग यावं असं म्हटलं आहे. ते पायथनमधून आलं तरी चालेल, स्क्रॅचमधून आलं तरी चालेल. पहिल्याच तासाला मुलानं स्वतः सांगितलेली एक गोष्ट यंत्रानं केली पाहिजे, आणि बिघडलं तर का बिघडलं हे मुलानं स्वतः शोधलं पाहिजे. व्याख्या पाठ करून पाच गुण मिळवण्यात कोडिंग संपलं, तर त्याला काही अर्थ नाही.

दुसरं कुणी म्हणेल, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली. तिला मराठीत सांगितलं तरी ती प्रोग्रॅम लिहून देते. मग शिकायचं कशाला? मी म्हणतो, म्हणूनच शिकायचं. बाजारात काटा दुसऱ्याचा असतो तेव्हा हिशेब आपल्याला यावा लागतो. यंत्रानं लिहून दिलेल्या शंभर ओळींत हमाली दोनदा वजा झाली आहे की काय, हे पाहणार कोण? ज्यानं कधी कागदावर एकेक ओळ चालवून पाहिली आहे, तोच पाहू शकेल. त्या मुलीनं पंचविसाव्या घरातला आकडा वहीत तपासला, ती सवय येत्या काळात अधिकच लागणार आहे.

केमेनी १९९२ साली गेले. कर्ट्झ नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्यांच्या भाषेला साठ वर्षं झाली त्याच वर्षी गेले. या दोघांनी आपल्या कॉलेजातल्या साहित्याच्या, इतिहासाच्या मुलांनाही संगणकाजवळ बसवायचं ठरवलं, आणि त्यातून पुढे जगभरची पोरं संगणकाशी बोलायला शिकली. त्यात चांदूर रेल्वेचीही होती.

तेव्हा माझी एक विनंती आहे, विशेषतः शिक्षकांना आणि आई-बाबांना. शाळेत किंवा घरी धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक असेल तर तो झटकून सुरू करा. क्यूबी-६४ किंवा फ्रीबेसिक, जे जमेल ते त्यात घाला. शनिवारी शाळा सुटल्यावर चार मुलांना बोलवा, वह्या-पेन्सिली घेऊन. आज सांगितलेला कापसाच्या हिशेबाचा चार ओळींचा प्रोग्रॅम त्यांना आधी कागदावर चालवू द्या, मग यंत्रावर. दूध घालणाऱ्याच्या घरी दुधाचा हिशेब करा, किराणा दुकान असेल तर उधारीचा करा. एखाद्या पोरानं "यात हमाली कुठं आहे?" असं विचारलं, की समजा तास सत्कारणी लागला. पंचविसावी ओळ कुठे बसवायची, हे मग त्यालाच शोधू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)